मालकिणीचा कोट

३ तारीख, सोमवार

पोहोचले एकदाची. घर पाहून आधी हसूच आलं. एवढ्या खोल्या, आणि राखायचं काय, तर एक म्हातारा कुत्रा! नणंदेने हे काम मिळवून दिलं. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा कुत्र्याशी बोल म्हणाली. घरचे मालक-मालकीण परदेशात, मुलीकडे चाललेत. मालकीणबाई आधीच गेल्या. मालक मला किल्ल्या देऊन लगेच निघाले. बोलायला गोड माणूस. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: ढब्बू मालकिणीचा लाडका, तिच्या वासाशिवाय घास घेत नाही. म्हणून रोज संध्याकाळी तिचा करडा कोट घालायचा, डोक्याला तिचा रुमाल बांधायचा आणि पुढच्या व्हरांड्यात बसून त्याला भरवायचं. समोरच्या घरातून कुणी हात केला तर आपणही करायचा, पण गप्पा नकोत. मंडळी भोचक आहेत.

ढब्बू नावासारखाच आहे. मागच्या पायांत जोर नाही, जड पेटी ढकलावी तसा सरकतो. मला पाहून शेपूट एकदाच आपटली, हजेरी लावल्यासारखी.

पुस्तकांचं कपाट उघडं ठेवलंय. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर आणि ह्यांनी रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर झालं. आज हे असते तर कपाटापुढून हलले नसते.

५ तारीख, बुधवार

कोट अंगात नीट बसतो. पण ढब्बूचं काही कळत नाही. कोट घातला की धडपडत उठतो, हुंगतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो. तिथून नजर माझ्यामागच्या दाराकडे. आणि ताटलीकडे पाठ करून पडतो. मी ही नजर ओळखते. हे गेल्यावर त्यांचा सदरा घातलेला माझा दीर दारात उभा राहिला, तेव्हा मीही अशीच त्याच्यामागे पाहत राहिले होते.

समोरच्या घरातल्या मावशींनी हात केला. मीही केला.

७ तारीख, शुक्रवार

आज कोटावर चहा सांडला. धुऊन वाळत टाकला आणि माझ्याच साडीत, स्वयंपाकघरात ढब्बूला वाढलं. पठ्ठ्याने ताटली चाटूनपुसून लख्ख केली, वर माझा अंगठाही चाटला!

आनंदाने मालकिणीच्या नंबरवर कळवलं. उत्तर लगेच आलं. शाबासकी नाही, काही नाही. कोट घालाच, व्हरांड्यातच बसा. मी लिहिलं, दोन शब्द बोला, ढब्बूला तुमचा आवाज ऐकवते. घसा बसलाय म्हणाल्या.

बसला असेल. पण कुत्रा पोटभर जेवला हे ऐकून कुठल्या बाईला राग येतो?

९ तारीख, रविवार

टॉवेल शोधताना मालकिणीचा खण उघडला. आत चष्मा. जाड भिंगांचा, घालून पाहिला तर भिंतच वाकडी झाली. तो नसेल तर या बाईला स्वतःचा हात दिसायचा नाही. शेजारी तिच्या गोळ्या, तिच्या नावाच्या, अर्धवट संपलेल्या.

दुसरा चष्मा असेल, असं मनाला समजावत होते. ह्यांचा चष्मा अजून माझ्या उशाशी आहे. चष्मा घरी ठेवून माणूस एकाच प्रवासाला जातो.

खण बंद केला.

१० तारीख, सोमवार

मालकिणीच्या नंबरवरून निरोप. उद्या दुपारी कोट-रुमाल घालून ढब्बूला टेकडीमागच्या तळ्यावर न्या. जाताना समोरच्यांना हात करा.

ढब्बूला फाटकापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं. तळ्यावर? त्याला लहानपणापासून वाढवणाऱ्या बाईला हे ठाऊक नाही?

हे लिहिणारी ती नाही.

नणंदेला फोन केला. ती हसली. पुस्तकं वाचून वाचून तुझं डोकं फिरलंय म्हणाली.

११ तारीख, मंगळवार. सकाळी उशिरा

माझ्या साडीत, उघड्या डोक्याने समोर गेले. मावशी आधी ओळखेचनात. मग गालावर हात. अगं बाई, मग रोज हात करते ती तू होय? मला वाटलं, हिची तब्येत सुधारली! त्यांना मालकांनी सांगितलं होतं की बायकोचं मन थाऱ्यावर नाही, ती घरीच राहणार, कुणाशी बोलायची नाही, जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी धास्ती वाटते; आणि कामासाठी एकट्यालाच परदेशी जावं लागतंय.

म्हणजे गल्लीच्या लेखी मालकीण घरात आहे. रोज व्हरांड्यात दिसते आहे. आज सगळ्यांनी पाहिलं असतं, ती आपल्या पायांनी तळ्याकडे गेली. आणि कोटातली बाई पाण्यात सापडली असती तर ही माझीच बायको म्हणून रडायला नवराच—

मी मावशींना थांबा म्हणेपर्यंत त्यांनी भाबडेपणाने मालकांना फोन लावला. अहो, तुमची कुत्रा सांभाळणारी बाई इथे आलीय, फार चांगली आहे. पलीकडून तो काय म्हणाला ते मावशींनी हसत सांगितलं. येतोच म्हणाला, तासाभरात.

परदेशातून. तासाभरात.

दुपारी

पोलीस चौकीत फोन केला. चष्मा सांगितला, कोट सांगितला. लेखी तक्रार घेऊन या म्हणाले. टॅक्सी बोलावली आहे. मावशींनी घरी बोलावलं, पण ढब्बूला उचलून त्यांचा जिना चढवणं एकटीला होणार नाही. त्याला टाकून जायचं नाही. एक मालकीण गेली, आता मीही—

कोट सकाळी पुन्हा दोरीवर टाकला होता, तिथे नाही.

मी काढला नव्हता.

परत दुपारी

गाडी थांबल्याचा आवाज. टॅक्सी आली. देव पावला. ढब्बूला चादरीवर घेतलं, चादर ओढत दारापर्यंत—

समोरून मावशी कुणाला तरी हात करताहेत. हसताहेत. टॅक्सी रिकामी परत चालली आहे. ड्रायव्हरला कुणीतरी सांगितलं असणार, नको म्हणून.

मागचं दार बाहेरून बंद आहे. सकाळी नव्हतं.

ढब्बू थरथरतोय. चादरीवर ओलं केलं त्याने. असू दे रे राजा. ओरडते, मावशींना ऐकू जाईल. खिडकी—

तो आत आहे. मला ताई म्हणून हाक मारतोय. हळू, गोड. कोट आणलाय म्हणतो, घालून घ्या, ढब्बू उपाशी