ब्लेडवरचा डिंक

१ फेब्रुवारी, शनिवार
युवराजच्या सलूनमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही. विषय संपला. गालाला फेस लावलेला असताना चार लोकांसमोर म्हणाला, "काका, तुमची दाढी म्हंजी तारंचं कुंपण हाय." लोक हसले. एकोणीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक मी! अर्धी दाढी झाली होती, तसाच उठलो. परळीच्या भर बाजारातून फेसासकट घरी. लोक बघत होते. बघू देत. वाटेत सेफ्टी रेझर आणि ब्लेड घेतले.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७
उरलेली अर्धी केली. तीन ठिकाणी कापले. हात माझा स्थिर आहे, म्हणजे दोष मालात. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षे माल तपासतोय, खोट मला लांबून दिसते. ब्लेड खिडकीशी धरले. चिकट ठिपके. डिंक! कागदात ब्लेड हलू नये म्हणून लावतात म्हणे. आणि आमच्या गालाचे काय?
ठराव: डिंक काढल्याशिवाय ब्लेड गालाला लावणार नाही.

४ फेब्रुवारी
गरम पाणी. डिंक ढिम्म. खोबरेल तेल. ब्लेड निसटून मोरीत. कापले: दोन, शिवाय बोट. वनमाला म्हणाली, जावा की युवराजकडं. बायको माझी आणि वकिली त्याची.

७ फेब्रुवारी
लेकीचे, चैतालीचे, नेलपॉलिश रिमूव्हर. डिंक गेला! खात्रीसाठी भांड्याच्या तारेच्या घासणीने धारेवरून दोन्ही बाजूंनी चांगले घासले. ब्लेड लखलखीत. कापले: पाच. हनुवटी सोलली. डिंक आत मुरलेला असणार. उद्यापासून दुप्पट घासणे.
चैताली बाटली शोधत होती. मी पेपर वाचत होतो.

९ फेब्रुवारी
कंपनीला ईमेल. चार परिच्छेद. उत्तर नाही. घाबरले असतील. कॉलनीच्या ग्रुपवर 'डिंकापासून सावधान' टाकले. एकाने हात जोडले, बाकी गप्प. अकाउंट्समधला गहिनीनाथ घरीच दाढी करतो, तोंडावर ओरखडा नाही. म्हणाला, मी तर कागद काढतो अन् लावतो, पुसत बिसत न्हाई. नशिबावर जगणारा माणूस. त्याच्याशी बोलणे बंद.

१२ फेब्रुवारी
रविवारी चैतालीचा साखरपुडा. माजलगावचे पाहुणे. आज ती जवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, गालावर पट्ट्या लावून माझ्या शेजारी उभं ऱ्हाणार का? युवराजदादाकडं जा. माझ्यासाठी." माझ्या गालावरची पट्टी सुटत होती, ती हलकेच दाबून बसवली. लहानपणी पडली की तिला पट्टी मी लावायचो. मनाला लागले. पण माघार म्हणजे माघार. सांगितले, तुझा बाप स्वतःच्या हाताने दाढी करून, एकही पट्टी न लावता तुझ्या शेजारी उभा राहील. ती उठून गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
रंगीत तालीम. रिमूव्हरचा शेवटचा थेंब, घासणी दहा मिनिटे. कापले: सात. वनमालाने घासणी काढून घेतली. घरात कुणाचाच सपोर्ट नाही.
उद्या कुणी उठायच्या आत गुपचूप युवराजकडे जाणार. ही शरणागती नाही. डावपेच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६.१०
दुकान बंद. शटरवर पुठ्ठा: 'आज दुकान बंद. चैतालीताईचा साखरपुडा.' दोनदा वाचले. ह्याला आमंत्रण कुणी दिले? वनमालाने, दुसरे कोण? आणि ह्याने रविवारचा धंदा सोडून दुकान बंद ठेवले. माझ्या लेकीसाठी. राग यायला पाहिजे होता. तिथे उभा राहून रागाची वाट बघितली, आला नाही.

सकाळी ७.१५
रिमूव्हर नाही. घासणी नाही. वेळ नाही. नवे ब्लेड डिंकासकट तसेच लावले. जे होईल ते होईल.
कापले: शून्य.
पुन्हा एकदा हात फिरवला. कालच्या बारीक खपल्या, नवे शून्य. यावर विचार करायला आज वेळ नाही. हवा कोरडी आहे, त्यामुळे असेल.

दुपारी ३
विहाराच्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर त्रिशरण-पंचशील घेतले. मग फोटो. चैतालीने माझ्या गालावर हात ठेवला. हसली. एकही पट्टी नव्हती, लिहून ठेवतो.
तेवढ्यात युवराज, इस्त्रीच्या शर्टात. माझा गाल निरखून म्हणाला, "लई भारी, काका. कुणाकडं केली?" पंधरा दिवस याच प्रश्नाची वाट बघत होतो. छाती काढून म्हणालो, "घरी. डिंक नीट घासून काढला, म्हणून."
वनमाला शेजारीच होती. तिने माझ्याकडे बघितले आणि मग छताकडे.
युवराजने कान पकडले. म्हणाला, त्या दिवशी चुकलंच काका, उद्या दुकानात या. तुमच्यासाठी ब्लेड आजच घासून ठिवतो, तुमच्याच पद्धतीनं. चार लोकांसमोर म्हणाला. हो म्हणावे लागले.
चौथे शील खोटे न बोलण्याचे. ते घेऊन अर्धा तासही झाला नव्हता.