होडीचा डावा काठ

नाशिक,
१९ जानेवारी १९९७

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं संक्रांतीचं पाकीट पोचलं. तिळगुळाचा वाटेत चुरा झाला होता, तो चमच्यानं खाल्ला. मुकुंदरावांच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, बडोद्यातले सगळे जिने एकट्यानं चढायचा मक्ता घेतला आहे का?

आता बातमी. मी होडी घेतली. हसून घे, मग पुढे वाच. गंगापूर धरणाच्या काठचं एक रिसॉर्ट बंद पडलं, त्याच्या मागच्या आवारात ती कित्येक वर्षं पालथी पडून होती. फायबरची आहे, निळी. निळी आपली म्हणायची एवढंच. उन्हानं पार खडूसारखी झाली आहे, हात फिरवला की तळव्याला पांढुरकी पूड लागते. पण सातपूरच्या कारखान्यात माझा जन्म फायबरच्या टाक्या काढण्यात गेला, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं. वरचा रंगीत थर, जेलकोट, तेवढा भाजलेला असतो, आतलं अंग शाबूत. आधी धुवायचं, मग ओल्या वॉटर पेपरनं घासायचं, खरखरीत आधी, बारीक नंतर. मग रबिंग कंपाउंड, बफ, शेवटी मेण. घाई केली तर जेलकोट जाऊन खालची जाळी दिसायला लागते. होडी धरणाकाठच्या एका शेडमध्ये ठेवली आहे, कारखान्यातला दत्तू मदतीला येतो. तोच दत्तू, ज्याला माझ्या लग्नात तू वाढपी समजून जिलबी आणायला पाठवलं होतंस. उन्हाळ्यापासून दोघांनी मिळून रविवारी माणसांना धरणात फिरवायचं असा बेत आहे.

एक कोडं तुझ्यासाठी. डाव्या काठावर तळहाताएवढी एक जागा आहे. संध्याकाळी तिच्यात माझा चेहरा दिसेल इतकी चकचकीत करून जातो आणि सकाळी येऊन बघतो तर ती परत पांढरी. बाकी होडी नीट राहते. तू मुलांना रसायन शिकवतेस, तर सांग कारण.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
दिवाकरदादा


बडोदा,
२ फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

हसून घेतलं. मुकुंदराव तर म्हणाले की दिवाकररावांना पोहता येत नाही हे होडी विकणाऱ्याला माहीत होतं का.

तुझं कोडं सोपं आहे. तिथं काठाला बारीक चीर असणार, तिच्यातून पाणी आत मुरलं असणार, आणि रात्री गारव्यानं ती ओल वर येऊन मेणाखाली पांढरी दिसत असणार. तिथं चारआठ दिवस दिवा लावून ठेव. वाळली की खोड मोडेल.

दुसरं लिहू का? रागावू नकोस. वहिनी गेल्यापासून तू पत्रात घराबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. कारखान्याबद्दल लिहितोस, दत्तूबद्दल लिहितोस, आता होडीबद्दल. घर बोलेनासं झालं म्हणून तू शेडमध्ये जाऊन बसतोस, हे मला इथं कळतं. होडी चमकव, पण जेवायला वेळेवर घरी जात जा. आणि उन्हाळ्यात इकडे ये.

आशीर्वादाची वाट पाहते.

तुझी,
ज्योत्स्ना


नाशिक,
१ मार्च १९९७

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उशीर झाला. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

दिवा लावला. काठ कोरडा खडखडीत झाला. पण पांढरेपणा गेला नाही, उलट त्याला आकार आला. काठाच्या आतल्या बाजूला चार बोटं, बाहेरच्या बाजूला अंगठा. तू जमिनीवर बस, डोक्यावरच्या टेबलाची कड धर आणि लोंबकळ. बोटं कशी पडतात बघ. उभ्या माणसाचा हात तसा पडत नाही. खाली असलेल्याचा पडतो.

दत्तू म्हणाला, कुणीतरी चेष्टा करतंय. मी शेडला कुलूप घालायला लागलो. फरक पडला नाही. मग मी हट्टाला पेटलो आणि ती जागा खरखरीत पेपरनं खोलवर घासली. तशी तिथली लांबी, म्हणजे भरलेली पुट्टी, निघाली. कुणीतरी काठ भरून, वर निळा रंग लावून ठेवला होता. लांबीखाली खोल खाचा होत्या, एकीला लागून एक. कारखान्यात मी हजार वेळा पाहिलं आहे, आपटून पडलेली खाच वेगळी आणि मारून पडलेली वेगळी. या मारलेल्या होत्या, वरून, वल्ह्याच्या धारेनं. बरोबर बोटांच्या जागी.

दुसऱ्या दिवशी होडी उन्हात काढली. बाकीचं अंग इतकं लखलखत होतं की पाण्यापलीकडून दिसलं असावं. दुपारी पलीकडच्या वाडीवरची एक बाई धरणाच्या कडेकडेनं चालत आली. कुसाबाई नाव. वय साठीचं, अंग काटक. तिनं मला काही विचारलं नाही. सरळ डाव्या काठापाशी गेली आणि खाचांवर हात ठेवून उभी राहिली.

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा पुंजाराम धरणात मासे धरायचा. एका पावसाळ्यात वारं सुटलं आणि त्याची डोंगी उलटली. ही होडी पाहुणे घेऊन जवळूनच चालली होती. तो पोहत आला, या होडीचा काठ धरला. होडी कलली. आतले ओरडायला लागले की आता सगळेच बुडणार, आणि एकानं वल्हं उचललं. कुसाबाई धरणाच्या काठावरून बघत होती. प्रेत सापडलं नाही. तिनं हे ज्याला त्याला सांगितलं, पण सगळ्यांनी ठरवलं की पुंजाराम दारू पिऊन गेला. वाडीतल्यांनीसुद्धा. तिच्या कपाळावर अजून कुंकू आहे, ज्योत्स्ना. जाताना म्हणाली, घासून काय व्हनार हाय, भाऊ? त्यानं अजून सोडलं नाय.

तू यावर काय म्हणशील?

आठवण ठेव.

दिवाकरदादा


बडोदा,
१३ मार्च १९९७

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी खरंच जमिनीवर बसले आणि टेबलाची कड धरली. नंतर हात धुतले. का ते विचारू नकोस.

पहिला विचार आला तो लिहिते. ती होडी तोडून टाक, शेडला कुलूप लाव आणि पहिल्या गाडीनं इकडे ये. मुकुंदराव म्हणतात, त्र्यंबकेश्वरला जाऊन त्या माणसाच्या नावानं काय विधी करायचे ते करून टाका. मी त्यांना म्हटलं, नवरा गेला हे जिनं अजून मानलेलं नाही, तिला न विचारता तुम्ही विधी कसले करता?

पत्र टाकायला निघाले आणि परत येऊन हे खाली लिहिते आहे. मला त्या हातापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं झोप येईना. एका बाईनं डोळ्यांनी पाहिलं आणि इतकी वर्षं कुणी ऐकून घेतलं नाही. तू खाचा परत भरू नकोस. आधी तिच्या वाडीला दाखव. आणि मग तिलाच विचार, तिला काय हवं आहे. माझं रसायन इथं संपलं.

पाण्यात जाऊ नकोस. तुला पोहता येत नाही.

ज्योत्स्ना


नाशिक,
६ एप्रिल १९९७

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अर्धं ऐकलं.

वाडीतली माणसं बोलावली. आली, आधी लांब उभी राहिली. मग पुंजारामचा चुलतभाऊ पुढे झाला, त्यानं एकेका खाचेत बोट घालून पाहिलं आणि खाली बसला.  शेवटी एक म्हातारी कुसाबाईला म्हणाली, आमचं चुकलं गं. कुसाबाईनं नुसती मान हलवली. तिला त्याचं फार काही वाटलं असं दिसलं नाही.

मी तिला विचारलं, तुला काय हवं आहे. ती म्हणाली, होडी पान्यात घाला. मला तिथवर न्या.

दत्तूनं होडी पाण्यात ढकलायला मदत केली, पण आत पाय ठेवला नाही. मला म्हणाला, साहेब, हे सोडून काहीबी सांगा. पुंजारामचा चुलतभाऊ वल्ह्यावर बसला, मी पुढे, कुसाबाई मध्ये. सकाळची वेळ होती, वारा अजिबात नव्हता. मी दोन्ही हातांनी बसायची फळी घट्ट धरली होती, हे तुला सांगायला लाज कसली?

पाण्याच्या मध्यावर तिनं थांबायला सांगितलं. तिथं होडी डावीकडे कलली. आम्ही कुणी हललो नव्हतो. काठ पाण्याला टेकायला आला, वल्ह्यावरचा चुलतभाऊ रामनाम घ्यायला लागला. मला वाटलं, आता ही त्याला निरोप देईल. सोड म्हणेल, जा म्हणेल. तुझी इंदिरावहिनी गेली तेव्हा मला सगळ्यांनी तेच करायला सांगितलं होतं, आणि मी केलंही.

कुसाबाई डाव्या बाजूला सरकली. खाचांवर आपले दोन्ही हात ठेवले, जसा कुणाचा हात धरावा तसे. आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, किती येळ लोंबकळशील? ये वर. हे लोक चांगले हायेत.

मग ती पाठीमागे रेलली, ओझं ओढल्यासारखी. होडी एकदम सरळ झाली. पण वर उचलली गेली नाही, ज्योत्स्ना. पाण्यात आणखी खाली बसली. येताना वल्हवणाऱ्याला घाम फुटला होता आणि त्यानं मागे वळून एकदाही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. कुसाबाईच्या शेजारच्या फळीवरून पाणी ओघळून माझ्या चपलांखाली येत होतं.

पलीकडच्या काठाला लागलो. ती उतरली, जरा थांबली आणि मगच चालायला लागली. होडी हलकी होऊन डुलली. तिला एकटीला जाऊ द्यावंसं वाटेना म्हणून मी तिच्या झोपडीपर्यंत मागून गेलो. ती पायवाटेच्या एका कडेनं चालत होती, दुसरी कडा मोकळी ठेवून.

तिचं बरोबर की माझं, ते मला ठरवता येत नाही. घरी आल्यावर मी इंदिराच्या कपाटाचं दार उघडलं, तेवढं तुला सांगतो. पुढचं विचारू नकोस.

त्या दिवशी झोपडीपाशी पोचल्यावर कुसाबाईनं मला आत बोलावलं नाही. मी अंगणात उभा होतो. आतून दोरीवरचं काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि मग तिचा, हळू, थोडा रागावलेला. ती सांगत होती, आधी अंग पूस. मग बोल.

तू रागावशील. रागाव, पण पत्र लिहीत राहा.

तुझा,
दिवाकरदादा