नमस्काराआधीची टाळी

बाबा, तुमची नात पास झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

बर्फावरचं स्केटिंग पाहिलं असतंत तर तुम्ही पहिलं विचारलं असतंत, "हिचा स्वेटर कुठाय?" इथे परदेशात कुठल्या गटातून स्पर्धेत उतरायचं ते परीक्षेवर ठरतं. परीक्षकांसमोर एकटीने ठरलेल्या उड्या, गिरक्या दाखवायच्या. जमल्या तर वरचा गट, नाहीतर आहे तिथेच. आपली बाई दोनदा नापास. मैत्रिणी वर गेल्या, ही चिल्ल्यापिल्ल्यांत उरली. ग्लेन वेव्हर्लीच्या घरून पहाटे गाडी काढताना मीच म्हणायचे, पुरे झालं आता. ती मात्र बूट घेऊन आधीच दारात उभी.

आणि एक भांडण होतं आमचं मायलेकींचं. इथे कुणी पडलं की सगळे टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं, वाटलं पोरीची टर उडवतायत! धीर द्यायला वाजवतात, हे मागाहून कळलं. तरी माझे हात उठेनात. तुमच्या मल्लखांबाच्या वर्गात वाढलेली मी. पोर खाली उतरून नमस्कार करेपर्यंत टाळी नाही, हा तुमचा नियम. मी वर असताना एकदा आईने टाळी वाजवली, तर तिलाही दटावलंत, "अगं, ती इकडे बघेल, हात सुटेल तिचा!" गाडीत लेक म्हणाली, "मम, एव्हरीवन क्लॅप्स. एक्सेप्ट यू." तुमचा नियम सांगितला तर म्हणे, "दॅट्स सो मीन!" तुम्हाला मीन, म्हणजे दुष्ट म्हणते, कार्टी.

शनिवारी तिसरी खेप. दुसऱ्याच उडीला दाणकन आपटली. ती उठते, गुडघ्यावरचा बर्फसुद्धा झटकत नाही, आणि पुढची गिरकी अशी घेते की शेजारची बाई ओरडते, "गुड ऑन हर!" शेवटी परीक्षकांनी हुकलेली उडी पुन्हा करायला सांगितली. केली, बाबा! अगदी तुमच्यासारखी मान ताठ ठेवून. आता पुढच्या स्पर्धेत आपली पोर वरच्या गटात. ऊर भरून आला हो माझा.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट बिनधास्त सांगते. ती आपटली ना, तेव्हा मी नमस्काराची वाट पाहिली नाही. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती मी. उठून पुढे सरकताना तिने वळून माझ्याकडे पाहिलं, बाबा, आणि तरी तिचा तोल गेला नाही.