चौदाव्या वाफ्याची दुरुस्ती

मी, वय वर्षे चोवीस, वनस्पती उद्यानातील सहायक अभ्यासक, अंगाने धडधाकट आणि डोक्याने शाबूत असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवत आहे. उद्या आमची चौघांची तुकडी कडेनिळी या दुर्मिळ रोपाचं बी आणायला दोर लावून कड्यावर उतरणार आहे. दोर नवा आहे, गाठी मी स्वतः तपासल्या आहेत आणि मी परत येणार याची मला खात्री आहे. तरीही मोहिमेच्या अर्जात ‘काही झाल्यास कोणाला कळवावे’ एवढाच रकाना होता आणि माझं म्हणणं त्यात मावेना.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने आधी नवा चष्मा करावा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर चालणार नाही. माझं पदवीचं प्रमाणपत्र तिने चादरींच्या घडीत ठेवलं आहे आणि ती ते येईल त्याला दाखवते. घरातलं पहिलंच आहे, तेव्हा तिला अडवू नये.

२. सायकल धाकट्या बहिणीला, पण कॉलेजला जाण्यासाठीच. कॉलेज सोडलं तर सायकलही सोडावी.

३. पहिल्या पगारातून घेतलेलं भिंग वनस्पतिसंग्रह सांभाळणाऱ्या बाईंना. ‘पाच मिनिटांत देते’ म्हणून नेलेलं ते गेलं वर्षभर त्यांच्याच खिशात आहे, त्यामुळे ताबा देण्याची तसदी पडणार नाही.

४. मी दाबून वाळवलेले दोनशे बारा नमुने उद्यानाला. अपवाद नमुना क्रमांक एकचा, तो आत्याला. मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा ती म्हणाली होती, “एवढं शिकून शेवटी बापासारखं तणच उपटणार.” नमुना तणाचाच आहे. चौकटीत बसवून द्यावा. राग नाही, पण विसरलेलेही नाही.

५. तळ्याकाठच्या पोकळ झाडातलं पिंगळ्यांचं जोडपं माझ्या मालकीचं नाही. पण झाड वाळलं म्हणून तोडायचा प्रस्ताव दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी हरकत घेते. पुढे ती रखवालदारकाकांनी घ्यावी. काका चिवट आहेत.

६. माझे वडील याच उद्यानात एकतीस वर्षं माळी आहेत. ‘माळ्याच्या निष्काळजीपणामुळे चौदाव्या वाफ्यातील कडेनिळीची सातही रोपे नष्ट’ अशी नोंदवहीत ओळ आहे. ती खोटी आहे. फुलं नसताना कडेनिळी हुबेहूब गवतासारखी दिसते, म्हणून बाबा जपायच्या रोपांच्या पाटीवर लाल ठिपका काढत. ठिपका नाही, म्हणजे रोप काचघरात हलवलं, वाफा साफ करा, ही सगळ्या माळ्यांची ठरलेली खूण. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, बाबा तापाने घरी असताना, मी जुन्या पाट्या काढून शास्त्रीय नावांच्या नव्या लावल्या. ठिपके मला रंगाचे शिंतोडे वाटले. कोणाला विचारलं नाही. पदवी ताजी होती. बाबा कामावर आले, ठिपका दिसला नाही, त्यांनी वाफा साफ केला.

चौकशीत मी तोंड उघडण्याआधी त्यांनी सही करून टाकली. घरी जाताना म्हणाले, “तुझी नोकरी अजून कच्ची आहे, माझी पिकलेली. पिकल्या फळावर एक डाग खपतो.” मी गप्प बसले ती दोन वर्षं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होतील, ती ओळ घेऊनच. माझ्यामागे उद्यानाच्या प्रमुखांनी त्या ओळीत माझं नाव लिहावं.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी: कलम सहा मी स्वतः खोडलं आहे. रेघ एकच मारली आहे, खालचं वाचता यावं म्हणून. आमच्या संग्रहातही जुनी चूक पुसत नाहीत, शेजारी नवी चिठ्ठी लावतात. लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. मेल्यावर खरं बोलायला धाडस लागत नाही.

मी प्रमुखांकडे जाऊन सगळं सांगितलं. तुझा बढतीचा अर्ज याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना, असं त्यांनी विचारलं. ठाऊक आहे, म्हटलं. ओळ बदलली, खाली माझी सही झाली. अर्ज त्यांनी खणात ठेवून दिला. मोहिमेतून मात्र वगळलं नाही, कारण गवतातून कडेनिळी ओळखणारं बाबांखेरीज मीच आहे, आणि बाबांचे गुडघे दोराला तयार नाहीत.

मग बाबांना सांगितलं. ते बराच वेळ खुरपं पुसत राहिले. “दोन वर्षं मी राखलं, ते तू एका दुपारी उपटलंस,” म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. उठून रंगाचा डबा आणला आणि माझ्या उद्याच्या हेल्मेटवर, बरोबर मध्यावर, लाल ठिपका काढला.

रंग ओला आहे. या कागदावर डाग दिसला तर तो त्याचाच समजावा.

बाकी कलमं कायम.

लिहून देणार: (सही) माळीबाबांची थोरली
साक्षीदार: १. (सही) रखवालदारकाका, न वाचता, विश्वासाने
२. (सही) काचघराच्या ताई, वाचून
(बाबांना वाटणीत काही नव्हतं, तरी ते साक्षीदार व्हायला तयार झाले नाहीत. म्हणाले, परत ये, मग बघू.)
ठिकाण: उद्यानाची बियाण्यांची खोली
तारीख: १४ सप्टेंबर