एकच भाजी

मंगळवार, माघ वद्य पंचमी, जालना

संतापानं अक्षरसुद्धा नीट येत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या अंगात रक्त कमी आहे, पालेभाजी खाऊ द्या, चुलीपुढचं काम कमी करा. म्हणून मीच ठरवलं, रोज एकच भाजी, वरण, भाकरी. किती खूश होतो स्वतःवर.

आज पाणी प्यायला आत गेलो, तर ही ठेच्याशी भाकरी खात बसलेली. मेथीची कढई कोरडी.

"भाजी कुठंय?"

"दादांनी दोनदा मागून घेतली, तुम्हीबी घेतलीच की. पहिले तीन भाज्या असायच्या, तवा कायतरी उरायचं."

हसून म्हणाली. कोरडी कढई, आणि ही हसते. बायका मागून जेवतात हे मला ठाऊक नव्हतं का?

थोरल्या बंधूंना, दादांना म्हणालो, उद्यापासून ही आपल्याबरोबरच जेवेल.

"मंग वाढणार कोण, वकीलसाहेब? तुम्ही?"

आतून ही म्हणाली, "असलं काही कराल तर मी जेवायचीच न्हाई."

आता भांडू कुणाशी? उद्या पंगत बसायच्या आधी हिच्या वाट्याची भाजी मीच काढून झाकून ठेवणार. पण दादांनी पुन्हा मागितली, आणि हिनं तीच नेऊन वाढली तर?