बाकावर मी, गोलात माझा आवाज

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (जन्मभर मैदानात आडवा पडत आलो, तेव्हा निदान माझा तरी हा नमस्कार खरा धर.) तुझा खोकला कसा आहे? भावोजी गुडघ्याला अजून तोच लेप लावतात की डॉक्टर बदलला? त्यांना म्हणावं, गुडघा जावयासारखा असतो, फार विचारपूस केली की जास्तच रुसतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं असं समज.

खांदा निखळला आणि माझं खेळणं संपलं, त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते तुला ठाऊक आहे, कारण तुझ्याच सोफ्यावर काढले. मग क्लबाने बोलावून महिलांच्या संघातल्या गोलकीपरला शिकवायचं काम दिलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण खरं सांगतो ताई, ज्या गोलात इतकी वर्षं उभा राहिलो, त्याच्याकडे बाकावरून बघत बसणं म्हणजे स्वतःच्याच घरासमोर भाड्याने राहण्यासारखं आहे. तरीही हे काम गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. (मी हॉटेल काढावं असं तू म्हणाली होतीस, पण तू माझ्या हातचं जेवली नाहीस.)

माझी शिष्या उंच, हातापायांनी लांब, बोलायला कंजूष. संघात तिला 'शिडी' म्हणतात. पहिल्याच दिवशी मी तिला आमची रीत सांगितली. सामन्याआधी गोलाच्या बरोबर मध्यावर टाचेने मातीत एक रेघ ओढायची, म्हणजे मागे वळून न बघता कळतं की आपण कुठे आहोत. आणि सामना संपला की ती रेघ आपल्याच पायाने पुसून मगच बाहेर यायचं. का पुसायची ते माझ्या गुरुजींनी मला सांगितलं नव्हतं, मीही तिला सांगितलं नाही. (विद्या अशीच पुढे जाते.) शिडी म्हणाली, पण सर, रेघ तर आधीच आहे. बघतो तर खरंच होती. डाव्या टाचेने ओढलेली, शेवटाला जराशी उजवीकडे वळलेली. तशी रेघ जगात एकच माणूस ओढतो आणि तो त्या वेळी शिडीच्या शेजारी उभा होता. आता मला स्ट्रेचरवरून नेलं त्या दिवशी माझी रेघ पुसायची राहिली, हे कबूल. पण स्ट्रेचरवरचा माणूस काय काय आठवणार? शिवाय त्यानंतर तिथली माती बदलली आहे. मैदान राखणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी सपाट करतो, ती पुन्हा येते, हल्ली मी तिच्या कडेकडेने झाडतो. एवढं सांगून तो पाइप गुंडाळायला निघून गेला.

उंचावरून बॉल आला की गोलकीपर 'माझा!' म्हणून ओरडतो आणि पुढच्या खेळाडू बाजूला होतात. पहिल्याच सामन्यात तसा बॉल आला, हाक आली, सगळ्या बाजूला झाल्या आणि शिडीही बाजूला झाली, कारण हाक तिने मारलीच नव्हती. बॉल निवांत गोलात गेला. हाक घोगरी, पुरुषाची. बायकांच्या सामन्यात पुरुषाचा आवाज आला की संशयाला फार लांब जावं लागत नाही. अख्ख्या संघाने वळून माझ्याकडे बघितलं. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. व्यवस्थापकबाईंनी खोलीत बोलावून शांतपणे सांगितलं, "सर, जुनी सवय असते, मी समजू शकते. पण आता आवाज आला, तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका." त्यांना कसं सांगू ताई, की तो आवाज मी पहिल्याच हाकेला ओळखला होता? खांदा निखळण्याआधीचा माझाच आवाज होता तो. आता माझ्या गळ्यातून तसा निघतही नाही.

कालच्या सामन्याआधी, भर दुपारी, मी एकटाच ती रेघ पुसायला गेलो. पाय उचलला आणि गोलाच्या आतून बूट खांबावर आपटून माती झाडल्याचा आवाज आला. आधी डावा, मग उजवा. आत कुणी नव्हतं. वाराही नव्हता. फक्त जाळी एका ठिकाणी मागे फुगलेली, कुणी पाठ टेकल्यासारखी. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही; पण त्याहून जास्त वाटला हेवा. तो अजून आत होता. मी पाय मागे घेतला आणि रेघ तशीच ठेवून बाकावर येऊन बसलो.

सामनाभर मी तोंडात पाणी धरून होतो. व्यवस्थापकबाई शेजारच्या खुर्चीवरून खेळाकडे कमी आणि माझ्या गालांकडे जास्त बघत होत्या. एक गोल आमच्या बाजूने, सामना संपत आलेला. शिडी एका कोपऱ्यात झेपावली आणि बॉल निघाला दुसऱ्या कोपऱ्याकडे. 'माझा!' बाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. गाल टम्म फुगलेले. तिकडे बॉल हवेतच कशाला तरी लागून वळला आणि खांबाबाहेर गेला. पंचाने कॉर्नर दिला, म्हणजे हात कुणाचा तरी लागला असं त्यानेही धरलं. माझी बोटं मात्र बसल्याजागी झिणझिणली. मी पाणी गिळलं. बाईंनी खुर्ची हातभर लांब सरकवली आणि तेव्हापासून त्या मला 'आपण' म्हणतात. नोकरीचं पुन्हा कुणी काढलं नाही.

नंतर सगळ्या शिडीची पाठ थोपटत होत्या. त्यातून ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "सर, त्यांना सांगाल का? हाक जरा आधी मारत जा म्हणावं. मला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

भावोजींना नमस्कार. पोरांना माझ्याकडून एकेक टपली.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहायचं कारण लिहायचंच राहिलं. तुझ्या कपाटावरच्या पेटीत माझ्या शेवटच्या सामन्यातले ग्लोव्हज आहेत. कुलूप तू लावलंस, किल्लीही तुझ्याकडेच असते. जरा उघडून बघशील का, कोरडे आहेत ना?

आणखी ता. क. ओले निघाले तर भावोजींना बोलू नकोस, आणि धुऊही नकोस. उन्हात टाकले की तळवे तडकतात, म्हणून सावलीतच वाळव. परत ठेवलेस की पेटीला कुलूप मात्र लावू नकोस. शनिवारी सामना आहे.