पिवळ्या बोटांचा खुलासा

७ फेब्रुवारी १९७१, रविवार

१. साडेदहाला उमरेडची मंडळी मला पाहायला आली. चंद्रभान, त्याची आई जिजाबाई, एक मामा.
२. मी पोहे नेले.
३. चंद्रभान तिथल्या विणकर सोसायटीत नक्षीकाम बघतो. मी प्रयोगशाळेत काय बनवते, असे त्याने विचारले. सांगितले — डोळ्यातल्या विषाणूवरचे औषध.
४. तो आणखी दोन गोष्टी बोलला.
५. जिजाबाईंनी माझा उजवा हात धरला. तीन बोटे पिवळी.
६. म्हणाल्या, "पोरीले तं हळद लागली हाये. दुसरीकडे जमलं, तं आम्हाले काहून बोलावलं?"
७. बाबांनी समजावले. मग पोरगी स्वतः गप्प कशी, असे जिजाबाईंनी विचारले.
८. मी हात पदराखाली घेतला.
९. अकराला मंडळी गेली. पोहे तसेच.

८ फेब्रुवारी

डाग नायट्रिक आम्लाचा. शुक्रवारी हातमोज्याला भोक होते, माझ्या लक्षात आले नाही. कातडी सोलून निघेपर्यंत जाणार नाही. तरी अनुसयाआत्याने अर्धा तास साबण घासला. एक वाक्य बोलली असती तं जीभ झिजली असती काय वं, म्हणाली.

मी म्हटले, बरेच झाले, प्रबंध व्हायचा आहे.

"हळद तं लागली. आता नवरदेव तेवढा धुंडाचा राहिला!" — असे म्हणून बाबा हातमागावर इतके हसले की विणायचा धोटा खाली पडला.

रविवारची दुपार मोकळी मिळाली, हे खरे.

९ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत औषधाच्या कुपीत काकवीसारखा चिकटा. हवे ते स्फटिक अजून नाहीत.

१० फेब्रुवारी

आजही काकवी. बर्फात ठेवली, काचेच्या कांडीने घासली. नाही.

रविवारी मी चंद्रभानला सांगत होते — आमचा रेणू विषाणूच्या नेहमीच्या रेणूसारखाच दिसतो, फक्त एका कोपऱ्यावर आयोडीन. विषाणू फसतो, तोच उचलतो, पुढची जुळणी बिघडते. चंद्रभान म्हणाला, "म्हणजे ताण्यात तसाच दिसणारा, पण कुजका धागा."

प्रयोगशाळेतले आमचे सर पाहुण्यांना हेच तक्ता लावून समजावतात. इतके नेमके कोणी बोलले नव्हते.

मग त्याने विचारले, "पण आपल्या चांगल्या पेशीतही तोच धागा गेला तं?"

हा खरा प्रश्न. मी तोंड उघडले आणि जिजाबाईंनी हात धरला. उत्तर राहून गेले.

११ फेब्रुवारी

आले! पांढऱ्या बारीक सुया, सकाळी कुपीच्या तळाशी. गरम पाण्यातून पुन्हा काढल्या — आणखी स्वच्छ. सरांनी पेढे मागवले. हे कुणाला तरी सांगावेसे वाटले. कुणाला, ते लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी

सीताबर्डीच्या पोस्टातून पत्र टाकले. नक्कल ठेवते —

'श्री. चंद्रभान यांस,
बोटांचा पिवळेपणा नायट्रिक आम्लाचा आहे. माझे कुठेही ठरलेले नाही. रविवारी हे मीच सांगायला हवे होते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर: हो, तो धागा चांगल्या पेशीतही जातो, म्हणूनच हे औषध पोटात देत नाहीत, फक्त डोळ्यात टाकतात. बाकीचे समोर सांगेन. आईंनाही आणावे, त्यांनी डाग पुन्हा पाहावा. डाग आणखी आठवडाभरच दिसेल. तरी शुक्रवार, १९ तारखेपर्यंत यावे.'